वाडी ओलांडा

आमच्या ऑफिसात येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा: "बस कुठपर्यंत जाते?"

मी सांगते, बस नाही. चालायचं. सकाळी एका खेड्यातून निघायचं, शेतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून, टेकड्यांवरून बारा-चौदा किलोमीटर चालायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या खेड्यात मुक्कामाला पोचायचं. बॅगा व्हॅनने पुढे जातात. बरोबर एक वाटाड्या असतो. असे सात दिवस.

"म्हणजे चालायचं आपण आणि पैसे त्यांना?" तीन तासांवरच्या रुवैसहून आलेल्या एका काकांनी मला विचारलं होतं. मला ते मनापासून पटलं. पण मी टेबलाच्या या बाजूला बसले होते, त्यामुळे हसून माहितीपत्रक पुढे केलं.

युरोपातल्या खेड्यापाड्यांतून लोकांना चालवणारं आमचं ऑफिस इथे आखातात, अल कुसैसमध्ये आहे. गिऱ्हाईक बहुतेक मराठी आणि गुजराती, वाटाडे तिकडचे. मी तिथे लागले तेव्हा रागातच लागले होते. मी याच भागात वाढले. इथे ज्याच्याकडे गाडी नसते तो चालतो. बाबा शारजा औद्योगिक क्षेत्रात स्पेअर पार्ट्सच्या गोदामात कामाला होते. लहानपणी त्यांच्या गाडीच्या काचेतून मी रस्त्याकडेच्या वाळूतून एका रांगेत चालणारी माणसं बघायची. हातात डबा, डोक्याला ओला रुमाल, आणि महिना ऑगस्टचा. त्या चालण्याला कोणी सहल म्हणत नव्हतं. म्हणून माहितीपत्रकाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "ज्यांना चालावं लागत नाही, त्यांच्यासाठी चालण्याची सहल." ऑफिस चालवणाऱ्या सरांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "खरं आहे, पण छापायचं नाही."

तरी कुतूहल होतंच. लोक चालण्यासाठी इतक्या लांब का जातात? चालताना त्यांना काय दिसतं? मी स्वतः युरोप पाहिलेला नाही. ऑफिसातल्या मार्गपत्रकांवरूनच मला तो माहीत. मार्गपत्रक म्हणजे रोजच्या वाटेचं एक पान: दगडी भिंतीपाशी डावीकडे, ओढा पार करा, चर्च मागे टाका. वाटाड्या पुढे असतोच, पण धुकं उतरलं किंवा माणूस मागे राहिला तर खिशात हे पान हवं. सरांचा नियम होता की निघण्याआधी प्रत्येकाने हिवाळ्यात इथल्या डोंगरात एकदा दोन किलोमीटर एकट्याने, फक्त पान वाचत चालून दाखवायचं. जो चुकेल त्याने तिकडे व्हॅनमध्ये बसायचं.

रुवैसचे काका रिफायनरीत होते आणि जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्यानंतर व्हिसा संपणार आणि ते नि काकू दोघं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये परतणार. त्यांचा एक गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे त्यांनी फॉर्मवर स्वतःच्या नावापुढे "व्हॅन" लिहिलं आणि न थांबता काकूंच्या नावापुढेही "व्हॅन" लिहिलं.

काकूंनी फॉर्म स्वतःकडे ओढला. "माझं खोडा. मी चालणार आहे."

"अगं, तो वाटाड्या इंग्रजीत बोलणार. मागे राहिलीस तर कोणाला विचारशील? मेंढ्यांना?"

"मेंढ्यांना विचारीन. त्या निदान उत्तर देतील."

काकांनी मुलाला फोन लावला. तो कॅनडात. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "मॉम, जस्ट टेक द व्हॅन. प्लीज." काकूंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तीस वर्षं झाली मला रुवैसला. रोज सकाळी कॉलनीला फेऱ्या मारते. चार फेऱ्या. घरातून निघते आणि घरीच येते. एकदा तरी निघाले तिथून लांब कुठेतरी पोचायचंय मला. पायांनी."

मला तोपर्यंत कोणत्याही गिऱ्हाइकाने असं कारण सांगितलं नव्हतं. बाकीच्यांची कारणं वजन, डॉक्टर आणि फोटो ही असायची.

अडचण पानाची होती. मार्गपत्रक इंग्रजीत, आणि काकूंचं इंग्रजी दुकानातल्या पाट्या वाचण्यापुरतं. मी सरांना म्हटलं, पान मराठीत करू. ते म्हणाले, एका माणसासाठी? मी म्हटलं, जिचा आपल्या पायांवर विश्वास आहे तिला फक्त भाषेमुळे गाडीत बसवणं हा अन्याय आहे. मी बरंच काही बोलले. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टायपिंग सेंटरमधला मल्याळी माणूस दारात येऊन बघून गेला.

"ओके, ओके, यल्ला," सर म्हणाले. "तू लिही. पण चुकलं तर जबाबदारी तुझी. आणि बाई व्हॅनमध्ये. मग पुन्हा भाषण नाही."

मी कबूल केलं. मराठीचा मला भारी अभिमान होता.

हा अभिमान कुठून आला ते सांगायला हवं. इथे मराठी शाळा नव्हती. बाबा नोकरीला आले तेव्हा बॅगेत कॉलेजच्या काळातली पत्रकं घेऊन आले होते. पाणवठ्यांबद्दलची, हुंड्याविरुद्धची, किमान वेतनाची, बुवाबाजीची. स्वस्त पिवळा कागद, मोठी ठळक अक्षरं. इथे ती वाटता येत नव्हती, फक्त वाचायला होती. त्यांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. सातव्या वर्षी मला "पिळवणूक" लिहिता येत होतं. आजही अन्याय दिसला की माझ्या तोंडून पूर्ण वाक्यं बाहेर पडतात, क्रियापदासकट. पण त्या पत्रकांत शेताचा बांध कसा दिसतो ते नव्हतं. गोठा, ओढा, फाटक यांचं त्यांत काही काम नव्हतं.

त्यामुळे मी मार्गपत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तिकडे शेतांच्या कडेला एक प्रकारचं फाटक असतं. एका वेळी एकच माणूस त्यातून जातो, गुरं जाऊ शकत नाहीत. इंग्रजीत त्याला किसिंग गेट म्हणतात. मी शब्दकोश उघडला, शब्द जुळवला आणि लिहिलं: "चुंबनद्वारातून प्रवेश करावा." पुढे, "जनतेच्या हक्काच्या मार्गाने मार्गक्रमण करावे." पुढे, "अश्मभित्तीस उजव्या हातास ठेवून." वाचून पाहिलं. भव्य वाटलं.

सरावाच्या डोंगराचं पानही मीच केलं. फुजैराच्या बाजूला उघड्या, तपकिरी डोंगरांमधून एक रस्ता जातो. तो सोडला की दगडगोट्यांनी भरलेलं कोरडं पात्र लागतं. वर्षातून एखाद्या वेळी पाऊस झाला तर त्यातून पाणी धावतं, एरवी बकऱ्या. अशा पात्राला इथे सगळेच, अरब असो की मराठी, वाडी म्हणतात. शाळेची पिकनिक वाडीत, पाऊस पडला की वाडीत जाऊ नका असा मोबाईलवर इशारा. मी आणखी काय लिहिणार? तिसऱ्या ओळीत मी लिहिलं, "वाडी ओलांडा आणि समोरच्या चढणीस लागा."

फेब्रुवारीतला शनिवार. काका-काकू आदल्या संध्याकाळी रुवैसहून तीन-साडेतीन तास गाडी चालवून अल कुसैसला काकूंच्या भावाकडे उतरले होते. सकाळी डोंगराशी सहा चालणारे जमले. दर दहा मिनिटांनी एकेकाने निघायचं असं ठरलं. मी आणि सर गाडीने पलीकडच्या टोकाला जाऊन थांबलो. काकाही आमच्याबरोबर आले आणि गाडीतली घडीची खुर्ची टाकून बसले.

पहिले पाच जण चाळीस-पन्नास मिनिटांत आले. काकू शेवटच्या. तास झाला. काकांनी खुर्ची मिटली. सव्वा तास. सर सारखे मनगट वर करत होते. मी चढणीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, या काकू, या, आता या.

दीड तास झाल्यावर फोन आला. नंबर काकूंचा, आवाज कुणा पठाणाचा. हिंदीत म्हणाला, मॅडम हमारे बाग में बैठा है, चाय पिया, आप आ जाओ.

आम्ही गेलो. पात्राच्या अलीकडे, वळणावर, खजुराची एक बाग होती. मधून अरुंद दगडी पाट वाहत होता. काकू पाटाच्या काठावर, पाय पाण्यात सोडून, माझं पान हातात धरून बसल्या होत्या. राखणदार बाजूला उभा. काकूंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

"तीन वेळा ओलांडली," त्या मला म्हणाल्या. "या बाजूने गेले, त्या बाजूने गेले. पलीकडे भिंत आहे. चढण नाहीच."

"काय ओलांडलंत काकू?"

"वाडी. हे बघ, तूच लिहिलंयस. वाडी ओलांडा." त्यांनी हात खजुरांच्या ओळींवरून फिरवला. "ही काय, ही वाडी."

मला काही कळेना. सर म्हणाले, "वाडी तर तिकडे आहे, काकू," आणि कोरड्या पात्राकडे बोट दाखवलं.

काकूंनी तिकडे बघितलं. मग माझ्याकडे. "त्याला वाडी म्हणतात? दगडांना?"

काका हसू लागले. ते मूळचे नागपूरचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण लग्नाला पस्तीस वर्षं झालेली. म्हणाले, "अगं, हिच्या माहेरी नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात. वाडीत गेले, वाडी शिंपली, वाडीत साप निघाला. हिला झाडं दिसली, पाट दिसला. मग ही दुसरीकडे कशाला बघेल?"

काकू रत्नागिरीजवळच्या. रुवैस सगळं सपाट, समुद्राकाठचं, तिथे डोंगरही नाही आणि डोंगरातलं पात्रही नाही. हा अरबी शब्द त्यांच्या कानांवर आला असेलही, पण देवनागरीत लिहिलेला बघितल्यावर त्यांनी तो आपला म्हणून वाचला. त्यात त्यांचं काय चुकलं? मराठीत लिहिलंय असं छाती ठोकून सांगणारी मी, आणि त्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द मराठी नव्हताच.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "खलास. काकू व्हॅनमध्ये. तिकडे धुक्यात असं झालं तर मी काय उत्तर देऊ?"

मागच्या सीटवर काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. नियम जाचक आहे, एका चुकीची शिक्षा, वगैरे. ती मी गिळली, कारण त्यातलं एकही खरं नव्हतं. नियम बरोबर होता. मी म्हटलं, "सर, त्या पानाप्रमाणेच चालल्या. अक्षर न् अक्षर. पान चुकलं. परीक्षेत मी नापास झालेय, काकू नाही." पत्रकांत चूक नेहमी दुसऱ्याची असते. स्वतःची कशी कबूल करायची ते मी कधी वाचलंच नव्हतं.

सर्व्हिस रोडला लागल्यावर सरांनी आरशातून काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढचा शनिवार. एकच चान्स. पान नवीन. आणि त्यात काव्य नको."

दुसऱ्या दिवशी रविवार. काका एकटे रुवैसला परत गेले, काकू भावाकडे राहिल्या. मी त्यांना ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वाटांचे फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही सांगा. याला काय म्हणाल?"

पहिला फोटो चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या, मैलभर पसरलेल्या कुंपणाचा.

"गडगा," काकू म्हणाल्या. "तू काय लिहिलंस?"

"अश्मभित्ती."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

ओढ्यावर टाकलेल्या दोन ओंडक्यांना त्या साकव म्हणाल्या. दोन गडग्यांमधून जाणारी खोलगट वाट, ती पाणंद. दगडी पायऱ्यांची चढण, ती पाखाडी. मी लिहून घेत होते आणि चकित होत होते. ज्या देशात त्या कधी गेल्या नव्हत्या, त्याच्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे शब्द तयार होता. आणि ज्या भाषेसाठी मी भांडत होते, तिच्यातली ही सगळी खोली मी उघडलीच नव्हती.

मग ते फाटक आलं.

"हे बेडं. गुरांसाठी. माणूस आडवा होऊन जातो, म्हैस जात नाही. तू काय लिहिलंस?"

"काकू, राहू दे ना."

"सांग."

मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की टायपिंग सेंटरवाला पुन्हा दारात आला. "ह्यांना सांगू नको हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "नाहीतर गुडघा विसरून चालत निघतील."

एका फोटोबद्दल मी जास्तच उत्साहाने बोलले. वाट थेट कुणाच्या तरी खाजगी शेतातून, मेंढ्यांच्या मधून जाते. मी म्हटलं, "बघा काकू, जमीन मालकाची, पण वाट सगळ्यांची. तो अडवू शकत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे! लोकांनी मिळवलेला हक्क आहे हा."

काकूंनी चष्मा वर केला. "वहिवाट आहे ती. त्यात काय एवढं? आमच्या विहिरीची वाट चुलत्यांच्या खळ्यातून जायची. त्यांनी एकदा काटे टाकले. माझी आई रोज सकाळी कळशी घेऊन जायची आणि काटे बाजूला करून पुढे जायची. बोलायची नाही काही. चार महिने त्यांनी टाकले, चार महिने तिने काढले. मग त्यांनीच सोडलं."

"आणि तुम्ही?"

"मी मागे हंडा घेऊन. वाट चालली नाही तर मोडते, असं ती म्हणायची. म्हणून गरज नसली तरी एक खेप जास्त."

मी पेन खाली ठेवलं. लोक चालतात कशाला, हा माझा प्रश्न होता. इतक्या सरळ उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती. "जनतेच्या हक्काचा मार्ग" मी खोडलं आणि एका शब्दात काम झालं.

शेवटी सरावाचं पान घेतलं. "ते दगडांचं पात्र," मी विचारलं, "त्याला काय लिहू?"

"पावसात वाहतं आणि मग कोरडं?"

"हो."

"मग कोरडा वहाळ म्हण. वाडी कसली आलीये!"

पुढच्या शनिवारी काकू एकट्याच निघाल्या. मी आणि सर पलीकडे थांबलो. काका रुवैसहून पहाटेच निघून आले होते, खुर्ची आणली होती पण बसले नाहीत. पन्नास मिनिटं झाली. पंचावन्न. तासाला दोन मिनिटं असताना चढणीच्या माथ्यावर काकूंची टोपी दिसली. त्या सावकाश उतरत होत्या, पान घडी करून कमरेला खोचलेलं.

"चुकलात का कुठे?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग इतका वेळ? रस्ता चाळीस मिनिटांचा आहे."

"वर बसले होते."

"बसलात? का?"

"कोणी बोलवत नव्हतं म्हणून."

सरांनी यादी काढली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून काकूंच्या नावापुढचा शब्द बदलला. काका म्हणाले, "टोपी तरी नीट घाल, फोटो काढायचाय," आणि फोन उलटा धरला.

मे महिन्यात ते दोघं गेले. मी अल कुसैसमध्येच होते, एसीच्या खालच्या टेबलावर, पुढच्या गटाचे फॉर्म भरत. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तिसऱ्या दिवशी काकूंचा व्हॉइस मेसेज आला. मागे वारा जोरात होता आणि मेंढ्या ओरडत होत्या, त्यामुळे मी तो कानाला लावून दोनदा ऐकला.

"अगं, ऐकतेस ना? आज धुकं होतं. वाटाड्या पुढे, आम्ही मागे, मग मी सगळ्यांच्या मागे. पुढचे दिसेनात. म्हटलं, असू दे. पान काढलं. पहिला गडगा, मग साकव, मग पाणंद, सगळं लिहिल्यासारखं आलं. पण ते बेडं बंद होतं, तार बांधलेली. तू लिहिलं नव्हतंस. मी तार सोडली, पलीकडे गेले, पुन्हा तशीच बांधली. बरोबर ना? गावात पोचले तर हे खाणावळीच्या दारात उभे, हातात माझी शाल. व्हॅनने दुपारीच आलेले. म्हणाले, एवढा उशीर? मी म्हटलं, चालत आलेय. त्यावर त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. बरं, आता पाय शेकायला गरम पाणी मागायचंय. खाणावळीच्या बाईला गरम पाणी इंग्रजीत सांगता येईल मला. ठेवते."